भूमिदेशाचा नकाशा : भौगोलिक माहिती प्रणालीची तोंडओळख

औषधी द्रव्याची परीक्षा करताना त्याचे रूप, रस, वीर्य यांबरोबरच ते कोणत्या भूमीत उगवले याचाही विचार करावा, अशी शिस्त आयुर्वेदाने आपणांस घालून दिली आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप व साधारण अशा त्रिविध देशाचे वर्णन केले, तर सुश्रुताचार्यांनी औषधग्रहणास योग्य भूमीची परीक्षा स्वतंत्र अध्यायात सांगितली. असे असूनही अनेक औषधनिर्मात्यांच्या खरेदी-नोंदवहीत द्रव्याच्या नावापुढे व्यापारी, वजन, दर आणि तारीख एवढेच आढळते. भूमीचा रकाना कोरा असतो, अथवा तेथे केवळ बाजारपेठेचे नाव असते. हा रकाना कसा भरावा आणि भरल्यावर त्यापासून काय निष्पन्न होते, हे समजण्यासाठी भौगोलिक माहिती प्रणाली, अर्थात 'जीआयएस', हिचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रणालीचे स्वरूप

भिंतीवरील नकाशा आपण पाहू शकतो, परंतु त्यास प्रश्न विचारू शकत नाही. भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक वस्तूच्या दोन नोंदी परस्परांशी जोडलेल्या असतात. पहिली नोंद स्थानाची, म्हणजे अक्षांश व रेखांशाची. दुसरी गुणधर्मांची, म्हणजे त्या स्थानी काय आहे, किती आहे व केव्हा पाहिले याची. या जोडणीमुळे 'अमुक गावापासून १० किलोमीटरच्या आत हिरड्याची झाडे कोठे नोंदली आहेत?' असा प्रश्न विचारता येतो आणि उत्तर नकाशावर उमटते.

या विद्येचा प्रारंभ १९६० च्या दशकात कॅनडा देशात झाला. तेथील विस्तीर्ण भूमीची शेती, वन, वन्यजीव इत्यादी दृष्टींनी गणना करावयाची होती आणि कागदी नकाशे एकमेकांवर ठेवून ते काम आटोपणे अशक्य होते. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने ते संगणकाकरवी करण्याची योजना मांडली. त्यांस या प्रणालीचे जनक मानले जाते.

दोन प्रतिमाने

पृथ्वीवरील वस्तू संगणकात मांडण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत.

१) व्हेक्टर प्रतिमान : यात प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा बहुभुज यांपैकी एका रूपाने मांडतात. अर्जुनाचा एक वृक्ष हा बिंदू, ओढा किंवा रस्ता ही रेषा, तर शेताचा गट, राखीव वन अथवा तालुका हा बहुभुज होय. ज्या वस्तूंस निश्चित सीमा असते, त्यांस हे प्रतिमान अनुकूल. कोणता बहुभुज कोणास लागून आहे, कोणता रस्ता कोणत्या रस्त्यास मिळतो, हे संबंधही त्यात जपता येतात. कच्चा माल कोणत्या मार्गाने आणावा, याचे गणित या संबंधांवरच चालते.

२) रास्टर प्रतिमान : यात भूमीवर समान चौकटींची जाळी कल्पिली जाते व प्रत्येक चौकटीस एक मूल्य दिले जाते. समुद्रसपाटीपासून उंची, पर्जन्यमान, तापमान यांस कुंपण नसते. ती क्रमाक्रमाने बदलत जातात, म्हणून त्यांस हे प्रतिमान योग्य. उपग्रहाने टिपलेली प्रतिमाही याच प्रकारची असते. चौकट जितकी लहान, तितका तपशील अधिक. मात्र चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते व संगणकावरील भारही वाढतो.

एक प्रतिमान श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे नाही. साध्यानुसार साधनाची निवड करावी, हा न्याय येथेही लागू पडतो.

स्तरांचे अध्यारोपण

प्रणालीचे खरे सामर्थ्य स्तर एकमेकांवर ठेवण्यात आहे. सातारा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. पश्चिमेस महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटर. दोहोंमधील सरळ अंतर १०० किलोमीटरच्या आसपास आहे. एकाच जिल्ह्यात आनूप व जांगल या दोन्ही देशांची लक्षणे भेटतात. म्हणूनच खरेदी-नोंदीत नुसते 'सातारा' लिहिणे म्हणजे भूमीविषयी जवळजवळ काहीच न लिहिणे होय.

समजा, या जिल्ह्यात अश्वगंधेच्या लागवडीसाठी जागा शोधावयाची आहे. या वनस्पतीस कोरडे हवामान व पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन मानवते. पर्जन्यमानाच्या रास्टर स्तरातून मर्यादित पावसाच्या चौकटी निवडाव्यात. मृदेच्या स्तरातून हलक्या जमिनीचे बहुभुज घ्यावेत. उंचीच्या स्तरावरून संगणक उतार काढून देतो, त्यातील तीव्र उताराचा भाग वगळावा. शास्त्राने स्मशानभूमी व ऊषर, म्हणजे खारवट भूमी, वर्ज्य सांगितली आहे. स्मशानभूमीच्या बिंदूभोवती आपण ठरवू तेवढ्या अंतराचे वर्तुळ आखून तो भाग व खारवट बहुभुज बाद करावेत. सर्व अटी पार करून जे क्षेत्र उरेल, ते प्रत्यक्ष पाहणीस योग्य समजावे. येथे 'पाहणीस योग्य' हे शब्द आम्ही हेतुतः योजिले आहेत. वल्मीक, म्हणजे वारूळ असलेली जागाही शास्त्राने निषिद्ध मानली आहे, आणि वारूळ दाखविणारा स्तर कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. त्यासाठी पायीच जावे लागते.

उपग्रह काय पाहतो?

'उपग्रहावरून वनौषधी शोधता येतात' अशी समजूत प्रचलित आहे. ती तपासून घेणे इष्ट. भारतीय दूरसंवेदन उपग्रहांवरील लिस-३ या संवेदकाची चौकट २३.५ मीटर बाजूची आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेपाच गुंठे भरते. एवढ्या भूमीतील वृक्ष, झुडपे, गवत व माती या सर्वांचे मिळून एकच मूल्य नोंदले जाते. वृक्षांच्या छायेत वाढणारे सर्पगंधेचे हातभर उंचीचे क्षुप त्यात ओळखू येणे शक्य नाही. उपग्रह वनाचा प्रकार व दाटी सांगतो. त्यावरून अधिवासाचे अनुमान करावे आणि प्रत्यक्षाने ते पडताळावे. अनुमानास प्रत्यक्षाचे स्थान देणे हा प्रमाणविचारातील दोष आहे, आणि तो संगणकाने केला म्हणून गुण ठरत नाही.

नोंद कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संकलनस्थानाच्या नोंदीस महत्त्व दिले आहे. ही नोंद करण्यास आता महाग उपकरण लागत नाही. साध्या स्मार्टफोनमध्ये जीपीएस असते, क्यूजीआयएस ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते, आणि इस्रोचे २००९ साली सुरू झालेले 'भुवन' भारताच्या उपग्रह-प्रतिमा दाखविते. प्रत्येक खेपेसाठी पुढील रकाने ठेवावेत, असे आम्ही सुचवितो :

१. द्रव्याचे शास्त्रीय व स्थानिक नाव, प्रयोज्य अंग
२. संकलनस्थानाचे अक्षांश-रेखांश
३. संकलनाची तारीख व ऋतू
४. वन्य की लागवडीचे
५. संकलकाने सांगितलेली विपुलता : पूर्वीइतकी, कमी की दुर्मिळ

अक्षांश दशांश पद्धतीने लिहावेत. दशांशचिन्हानंतर दोनच अंक लिहिल्यास स्थान सुमारे एक किलोमीटरपर्यंत संदिग्ध राहते, चार अंक लिहिल्यास सुमारे ११ मीटरपर्यंत निश्चित होते. व्यापाऱ्याकडून माल घेताना इतका तपशील मिळणार नाही. तथापि गाव व तालुका विचारण्याची प्रथा पाडली, तरी पहिले पाऊल पडेल.

ही नोंद केवळ सोपस्कार नव्हे. अशोकाच्या सालीच्या जागी आसुपालवाची साल बाजारात येते, हे आपणांपैकी अनेकांना विदित आहे. खरा अशोक नैसर्गिकरीत्या सह्याद्रीच्या दमट, ओढ्याकाठच्या वनांत वाढतो. जंगलातून आणलेल्या म्हणून सांगितलेल्या सालीचा पत्ता कोरड्या पठारी प्रदेशातील निघाला, तर नकाशा आपणांस सावध करतो. अंतिम निर्णय अर्थातच द्रव्यपरीक्षणाने घ्यावयाचा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. राजस्थान व गुजरातच्या शुष्क प्रदेशातील गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. पाचव्या रकान्यातील उत्तरे वर्षानुवर्षे एकाच नकाशावर मांडली, तर एखाद्या प्रदेशातून द्रव्य नाहीसे होत असल्याचे भाव वाढण्यापूर्वी कळू शकेल. मग तेथील संकलन थांबविण्यास व लागवडीस हात घालण्यास वेळ मिळेल. कोऱ्या रकान्यातून हे कधीच कळणार नाही.

सावधगिरी

जे ज्ञान संरक्षणास उपयोगी, तेच लुटीसही उपयोगी पडते. दुर्मिळ वनस्पतींची अचूक स्थाने स्वतःच्या दप्तरी जरूर ठेवावीत. प्रसिद्ध करताना मात्र तालुक्यापलीकडे तपशील देऊ नये. हाच नियम रुग्णांविषयी. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे लक्ष वेधले. कावीळ किंवा अतिसाराच्या रुग्णांचे असे नकाशे आपल्या चिकित्सालयांतूनही निघू शकतात. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत वायू, उदक, देश व काल सांगितले आहेत, त्यांतील उदकाची शंका अशा नकाशावरून प्रथम येईल. परंतु रुग्णाचे घर नव्हे, तर वस्ती किंवा प्रभाग दाखवावा. रुग्णाची गुप्तता राखणे हा वैद्याचा धर्म आहे.

शास्त्रकारांनी देश या शब्दाचे भूमी व आतुर असे दोन अर्थ सांगितले आहेत. भौगोलिक माहिती प्रणाली यांपैकी भूमिदेशाच्या ज्ञानास साहाय्य करते. आतुरदेशाची परीक्षा वैद्याच्या हाती होती व तशीच राहील. तूर्त वाचकांनी आपल्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा व पुढील खेपेपासून तो भरावा, एवढीच आमची विनंती आहे.