घरची ऐकण्याची खोली

घरी गाणे ध्वनिमुद्रित करावे, निवांत ऐकावे, अशी हौस पुष्कळांना असते. मग उंची यंत्रे येतात. पण गाणे ऐकू येते ते गढूळ! हा दोष यंत्रांचा नसून बहुधा खोलीचा असतो, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

उघड्या भिंतींवर आपटून परतलेला नाद मूळ स्वरात मिसळतो. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमे; वक्ता काय बोलतो ते कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने दुसऱ्या सभागृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या आणि मोजून दाखविले की, नाद शोषणारे जितके अधिक, तितका घुमारा कमी.

आपणही प्रथम खोलीत टाळी वाजवून पाहावी. झणझणाट उठला तर सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट यांची योजना करावी. पातळ पडदे वरचे स्वर शोषतात, खर्ज मात्र तसाच उरतो. त्याकरिता कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या कराव्यात. चौरस खोली शक्यतो टाळावी. लांबी व रुंदी दोन्ही ३.४ मीटर असल्या, तर सेकंदाला ५० कंपनांचा नाद दोन्ही बाजूंनी फुगतो.

गाद्यांनी शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज मात्र थांबत नाही. त्यास जड भिंत आणि फटी बुजविलेले दार हवे. ते नसेल, तर रियाजाची वेळ शेजाऱ्यांना विचारूनच ठरवावी हे बरे!