परतणाऱ्या अभियंत्याला काम कोठे?

आमच्या शहापूरचा माझा एक आतेभाऊ जर्मनीत यंत्रांची रचना करतो. म्हणजे एखादा भाग कारखान्यात घडण्यापूर्वी त्याचा आकार, धातू, जाडी आणि मापात किती फरक चालेल, हे तो ठरवितो. गेल्या दिवाळीत आत्याने मला विचारले, "पोरगा वापस येतो म्हणते. इथं काम भेटन का रे त्याले?" मी कला शाखेचा विद्यार्थी; पण प्रश्न घरचा असल्यामुळे माहिती गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

यंत्र बनविणे आणि यंत्राची रचना करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पहिले काम आपल्या जिल्ह्यात आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी, गडेगावला अशोक लेलँड, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. परंतु अशा कारखान्यांत अभियंता हवा असतो तो मुख्यतः उत्पादन, देखभाल व तपासणी यांसाठी. लेलँडचे संशोधन केंद्र चेन्नईला आहे. नकाशा तेथे ठरतो.

पूर्वी तर नकाशा देशाबाहेरच ठरत असे. टाटांचा ट्रक १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने बनू लागला आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. रचना आयती मिळत असेल, तर रचनाकाराला काम कोण देणार? शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये अमेरिकेच्या एम.आय.टी.तून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन किर्लोस्करवाडीला परतले. त्याच संस्थेत शिकलेले बाबा कल्याणी १९७२ मध्ये भारत फोर्जमध्ये आले. दोघांनीही उद्योग वाढविले. पण दोघांनाही परतायला वडिलांचा कारखाना होता. ज्यांना तो नव्हता, त्यांच्यासाठी सरकारने १९५८ मध्ये 'सायंटिस्ट्स पूल' योजना काढली. तीतून तात्पुरती नेमणूक मिळे. कायम नोकरी ज्याची त्याने शोधायची.

पुढे चित्र पालटले. टाटांनी १९६६ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र काढले. १९९८ ची इंडिका मोटार तेथील कामातूनच उभी राहिली. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांचीही केंद्रे आली. आज कमिन्स, जॉन डिअर, ईटन यांची रचनेची कामे पुण्यात चालतात. परदेशातील अनुभवाला खरी किंमत येथेच आहे. तिकडची मानके ठाऊक असलेला, तिकडच्या माणसांशी बोलून काम पुढे नेणारा अभियंता त्यांना उपयोगी पडतो.

तथापि एक अडचण राहते. तिकडे कामाची वाटणी फार बारीक असते. एकच माणूस दहा वर्षे एकाच भागावर काम करतो. इकडे त्या वयाच्या माणसाकडून अपेक्षा असते, की त्याने सबंध प्रकल्प सांभाळावा व दहा-पंधरा जणांकडून काम करवून घ्यावे. केवळ संगणकावर आराखडा काढणारे हात येथे कमी पगारात मिळतात.

मग गावाजवळ काहीच नाही काय? आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. तेथील भरती जाहिरातीने होते, परतलेल्यांसाठी वेगळे दार नाही. शहापुरातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकविता येईल. मात्र पदव्युत्तर पदवी हवी आणि ती परदेशी असल्यास तिच्या समकक्षतेचा दाखला आधी मिळवावा लागतो. पगाराची तुलना न केलेली बरी.

हे सारे मी आत्याला सांगितले. काम मिळेल, पण बहुधा पुण्यात; आणि येथले नेमणूकपत्र हाती आल्याशिवाय त्याने तिकडची नोकरी सोडू नये. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुणं तं पुणं. रात्री गाडीत बसला तं सकाळी घरी येते."