रंगापायी अडलेली गाडी

११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर फोर्डने आपल्या विक्रेत्यांना कळवले, की एका विशिष्ट काळ्या रंगाच्या गाडीची ऑर्डर तूर्त घेऊ नका. इंजिन होते, टायर होते. नव्हती ती रंगातली चमक. ती देणारे 'झिरॅलिक' हे रंगद्रव्य तेव्हा जगात एकाच ठिकाणी तयार होई, फुकुशिमा प्रांतात ओनाहामा इथल्या मर्क या रसायन कंपनीच्या कारखान्यात.

ज्याला जास्त पैसे देतो त्याच्यावरच जास्त लक्ष ठेवायचे, हा खरेदी विभागातला सर्वांत जुना गैरसमज. वर्षभराच्या खरेदीच्या रकमा उतरत्या क्रमाने लावल्या, की अ-ब-क वर्गवारी तयार. घासाघीस करायला ती उत्तम. धोका ओळखायला कुचकामी. चिमूटभर रंगद्रव्य त्या यादीच्या तळाशीच राहणार. नेटवर्क विश्लेषण प्रश्नच वेगळा विचारते. प्रत्येक कारखाना ही एक गाठ, प्रत्येक पुरवठा हा एक धागा, असे जाळे काढायचे आणि एकेक गाठ सोडून पाहायची. ही बंद पडली तर आपले काम किती दिवस निभेल, आणि ती पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील? दुसरा आकडा पहिल्याहून मोठा निघाला, की तिथे लाल खूण. एमआयटीचे डेव्हिड सिमची-लेवी यांनी फोर्डसाठी असा हिशेब मांडला, तेव्हा मोठा फटका देऊ शकणाऱ्यांत किरकोळ रकमेचा माल देणारे पुरवठादारही सापडले. गंमत म्हणजे भूकंपाची शक्यता किती, हे यात विचारावेच लागत नाही. पूर येवो नाही तर आग लागो, कारखाना बंद तो बंदच.

दुसरा समज अधिक फसवा: एका भागाला दोन व्हेंडर ठेवले, की निश्चिंती. टोयोटालाही आपली पुरवठा साखळी पिरॅमिडसारखी वाटे. खाली जावे तसे पुरवठादार वाढत जाणार. भूकंपानंतर खोलात शिरल्यावर काही भागांच्या साखळीचा आकार हिऱ्यासारखा निघाला: मधे रुंद, तळाशी पुन्हा निमुळता. व्हेंडर वेगवेगळे, पण त्यांना लागणारी चिप मात्र रेनेसास या चिप कंपनीच्या जपानमधील नाका इथल्या एकाच कारखान्यातली. बिले दोघांची वेगळी, विहीर एकच. आपल्या संगणकात फक्त आपण ज्याचे बिल चुकते करतो तोच दिसतो. त्याच्यामागे कोण, हे तो सहजी सांगत नाही. गिऱ्हाईक त्याला वगळून थेट तिकडे गेले तर? म्हणून अशा जाळ्याचा नकाशा काढताना सॉफ्टवेअरपेक्षा माणसांची मनधरणीच जास्त असते.

मग सगळ्याचाच साठा करायचा का? टोयोटाने तसे केले नाही. चिपसारख्या, चटकन पर्याय न मिळणाऱ्या निवडक भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. बाकी 'जस्ट इन टाइम', म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवणे, चालूच राहिले. २०२१ च्या सुरुवातीला चिपअभावी इतरांच्या लाइन बंद पडत असताना टोयोटा बऱ्यापैकी तगली. तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिला ठरवल्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी गाड्या बनवाव्या लागल्या. नकाशाने सवड मिळते, चिप नाही.

घट्ट विणलेले जाळे म्हणजे निव्वळ धोका, हेही अर्धेच खरे. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमधील कारिया इथला, टोयोटाची पुरवठादार असलेल्या आयसिन सेकीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमधले एका प्रकारचे छोटे व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे, ९९ टक्के, तिथूनच येत. साठा जेमतेम, त्यामुळे काही दिवसांतच टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. पण वर्षानुवर्षे एकमेकांशी काम करणाऱ्या दोनशेवर कंपन्या धावून आल्या आणि आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांत शिलाई यंत्रांसाठी ओळखली जाणारी ब्रदर कंपनीही होती.