खांद्याला दुसरा स्नायू जोडताना

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या परिसरात कापूस, केळी आणि धान्याच्या पोत्यांचा भार आजही माणसांच्या खांद्यावरून जातो. जिनिंगमध्ये रुई दाबून बांधलेली गाठ साधारण 170 किलोंची असते. ती एकटा कोणी उचलत नाही, पण कलती करताना, सरकवताना बसणारा हिसका खांदाच सोसतो. केळीचा घड तर बागेतून खांद्यावरच बाहेर येतो. अशी कामे वर्षानुवर्षे केल्यावर, किंवा मोटारसायकलवरून पडल्यावर, एखाद्याचा हात वर जाईनासा होतो. मग शेक, मालिश, गोळ्या, एखादे इंजेक्शन यांत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. ‘वय झालं, खांदा धरला’ म्हणून घरचेही स्वस्थ बसतात. यातल्या काही जणांसाठी कंडरा दुसरीकडे वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टेंडन ट्रान्सफर, उपयोगी ठरू शकते. ती खेळाडूंची किंवा पैसेवाल्यांची चैन आहे, हा समज मला चुकीचा वाटतो. पण तिचे यश जितके शस्त्रक्रियागृहात ठरते तितकेच ते नंतरच्या सहा-आठ महिन्यांच्या व्यायामात ठरते, आणि ती सोय आपण तालुक्याच्या गावी केलेलीच नाही.

खांद्याचा सांधा उथळ असतो. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका लहानशा खोलगट भागावर टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार स्नायूंच्या कंडरांचे कडे, म्हणजे रोटेटर कफ. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. हे कडे मागून आणि वरून फाटले तर हात वर उचलता येत नाही आणि बाहेरच्या बाजूला वळवता येत नाही. तपासणी साधीच असते. कोपर बरगडीला टेकवून डॉक्टर रुग्णाचा पंजा बाहेरच्या बाजूला वळवतात आणि सोडून देतात. कडे धड असेल तर हात तिथेच थांबतो, मोठी फाट असेल तर पंजा आपसूक पोटावर येऊन पडतो. अशा माणसाला घास तोंडाशी नेतानाही कोपर वर उचलावे लागते. फाट ताजी असेल तर कंडरा ओढून पुन्हा हाडाला शिवता येते. पण सुटलेला स्नायू काम नसल्याने आखडत जातो आणि त्यात चरबी भरते. फ्रेंच शल्यचिकित्सक गुतालिए यांनी 1994 मध्ये या चरबीच्या पायऱ्याच ठरवून दिल्या. वरच्या पायरीवर पोहोचलेल्या स्नायूची कंडरा ओढूनताणून शिवली, तरी त्या स्नायूची ताकद परत येत नाही. दवाखान्यात उशिरा येण्याची खरी किंमत ही आहे.

अशा वेळी शेजारच्या धडधाकट स्नायूची कंडरा सोडवून ती फाटलेल्या जागी बसवतात. स्वित्झर्लंडच्या ख्रिस्तियान गेर्बर यांनी 1988 मध्ये पाठीवरचा रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्साय, यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. अडचण अशी की हा स्नायू मुळात हात खाली आणि आत ओढणारा आहे, आणि आता त्याच्याकडून नेमके उलटे काम करून घ्यायचे असते. म्हणून अमेरिकेत बासेम एल्हासन यांनी मानेमागून पाठीपर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियसचा खालचा भाग निवडला. हा भाग हात बाहेर वळवताना फाटलेल्या स्नायूच्या जोडीने आधीपासूनच काम करत असतो. नव्या औताला मूळच्या जोडीतलाच बैल जुंपावा, तसे. त्याची कंडरा दंडाच्या हाडापर्यंत पुरत नाही, म्हणून मधे मृत दात्याच्या टाचेची किंवा रुग्णाच्याच मांडीतली कंडरा जोडून लांबी भरून काढतात.

हे तंत्र आपल्याकडे परके नाही, आणि ते आधी कुणासाठी वापरले गेले हे विसरता कामा नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1948 पासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी हाताचे चांगले स्नायू वळवून लावायला सुरुवात केली. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विकृत हात-चेहऱ्यांवर अशाच शस्त्रक्रियांचे काम वाढवले. समाजाने ज्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी हे कौशल्य इथे रुजले. शस्त्रक्रियेनंतर त्या हातांना नवे काम शिकवावे लागे. ब्रँड यांनी तर रुग्णांसाठी झोपड्यांची लहानशी वस्ती उभारून तिथे सुतारकाम शिकवले. खांदा आणि बोटे वेगळी खरी, पण वळवलेल्या स्नायूला शिकवावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच.

ते शिक्षण कसे असते? पहिले सहा ते आठ आठवडे हात बाजूला, बाहेर वळवलेल्या स्थितीत पट्ट्यात अडकवून ठेवतात. झोपतानाही तो काढायचा नाही. मग पाठीचा स्नायू वापरला असेल तर कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये उशी ठेवून ती दाबायची आणि त्याच वेळी पंजा बाहेर वळवायचा प्रयत्न करायचा. दाबताना तो स्नायू जागा होतो आणि हळूहळू मेंदूला नवी सांगड कळू लागते. ट्रॅपिझियस असेल तर फऱ्याचे हाड मागे ओढत हे करायचे. अनेक आठवडे काहीच होत नाही असे वाटते. याच टप्प्यावर बरेच जण कंटाळून सोडून देतात, कारण जवळ बसून करवून घेणारे कोणी नसते.

यावर पहिला आक्षेप असा की मग कृत्रिम सांधाच का बसवू नये? फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी 1980च्या दशकात विकसित केलेला उलटा सांधा सत्तरीच्या माणसाला, विशेषतः झिजलेल्या खांद्याला, उत्तम पर्याय आहे. पण पन्नाशीतल्या, अजून पंधरा वर्षे कामावर जाणाऱ्या माणसात त्या सांध्याला पुढे झीज आणि सैलपणाचा धोका असतो, आणि ओझे उचलण्यावर मर्यादा येतात. वळवलेल्या कंडरेत निदान त्याचे हाड जसेच्या तसे राहते आणि पुढे गरज पडली तर कृत्रिम सांध्याची वाट मोकळी असते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: फाट दिसली की कापायचे का? मुळीच नाही. खांदा अजिबात न दुखणाऱ्या 96 जणांच्या एमआरआयचा एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांच्या कंडरेत फाट आढळली. चित्रावर नव्हे, हात काय करू शकत नाही यावर निर्णय व्हायला हवा, आणि त्याआधी काही महिने नीट व्यायाम करून पाहायलाच हवा. पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते. सांधा झिजलेला असेल, किंवा खांद्याचा बाहेरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, निकामी असेल, तर ही शस्त्रक्रिया करूच नये.

तिसरी अडचण मजुरीची, आणि ती मला सर्वांत खरी वाटते. ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे त्याने वर्षभर जड काम बंद ठेवायचे कसे? त्याला पुन्हा पोती वाहता येतील असे आश्वासन प्रामाणिक डॉक्टर देत नाही. दुखणे कमी होते, हात तोंडापर्यंत, डोक्यापर्यंत जातो, शर्ट घालता येतो. हमालीत परतायचे तर हलके काम मिळवावे लागते. महाराष्ट्रात माथाडी कायदा 1969 पासून आहे. अशा कामगाराला बरा होईपर्यंत आधार आणि हलके काम देण्याचा विचार त्या चौकटीत व्हायला हरकत नाही. शस्त्रक्रिया एकदाच होते, त्यासाठी मुंबई-पुण्याला जाता येते. व्यायाम मात्र आठवड्यातून दोनदा, महिनोन् महिने हवा असतो, आणि धुळ्याचे किंवा जळगावचे वैद्यकीय महाविद्यालयही त्यासाठी लांबच पडते. धरणगावच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसला आणि शल्यचिकित्सकाने व्यायामाचा लेखी क्रम त्याच्या हाती दिला, तर काम भागेल. एवढ्या सोयीसाठी नवी इमारत लागत नाही की महागडे यंत्र. एक पलंग, एक उशी, रबरी पट्टे आणि शिकवणारा माणूस पुरतो.