विहिरीतील तांबडे ठिपके : गोड्या पाण्यातील कोळी कीड, तिची ओळख व वसतिस्थाने

मृगाच्या पहिल्या सरी पडून जमीन ओलावली म्हणजे बांधावर व माळावर मखमली अंगाचे तांबडेभडक मृगाचे किडे हिंडू लागतात. अकोले तालुक्यातील डांगाण असो वा कर्जत-जामखेडकडील उघडे माळरान असो, हा किडा तळहातावर घेऊन पाहिला नाही असा शेतकऱ्याचा मुलगा विरळाच. तथापि हा किडा कीटक नव्हे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी येते. कीटकास सहा पाय असतात. मृगाच्या किड्याचे पाय मोजल्यास ते आठ भरतात. कोळी, विंचू आणि गुरांच्या अंगावरील गोचीड ज्या अष्टपाद वर्गात मोडतात, त्याच वर्गातील हा प्राणी होय. त्याचे अगदी जवळचे भाऊबंद गोड्या पाण्यात राहतात. विहीर, बारव, पाझर तलाव, कालव्याचा संथ भाग, ओढ्यातील दगडगोटे अशा ठिकाणी राजगिऱ्याच्या दाण्याएवढे तांबडे, केशरी, क्वचित हिरवे वा निळसर ठिपके सरसर पोहताना अथवा सरपटताना दिसतात, ते हेच.

शास्त्रीय लेखनात या प्राण्यांना जलकोळी म्हणणे सोयीचे आहे. ‘पाणकोळी’ हा शब्द मात्र टाळावा, कारण मराठीत ते नाव चोचीखाली झोळी असणाऱ्या एका मोठ्या पक्ष्याचे आहे.

गावातील पाण्यात असे ठिपके दिसले की लोक साशंक होतात, आणि या शंकेस कारणही आहे. नारूचा रोग पाण्यातील डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या एका जीवामार्फत पसरत असे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची चाल होती त्या काळात या रोगाने महाराष्ट्रातील कित्येक गावे गांजली होती. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. रोग गेला, परंतु पाण्यात हलणाऱ्या बारीक जीवाविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात बसलेला धसका गेलेला नाही. त्यातच ‘लाल कोळी’ हे नाव वांगी, भेंडी व गुलाबावरील किडीमुळे सर्वांच्या परिचयाचे झालेले. तेव्हा विहिरीत लाल कोळी दिसली तर फवारणीचे औषध थोडे पाण्यातही टाकावे, असा विचार एखाद्याच्या मनात येणे अशक्य नाही. असा विचार कृतीत आला तर होणारी हानी फार मोठी आहे. कीटकनाशकाने पाणी माणसांस व जनावरांस विषारी होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर अत्यल्प प्रमाणातही माशांचा नाश करतात. ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे, तो प्राणी मात्र निरुपद्रवी असतो. जलकोळी माणसाला चावत नाही, गुरांचे रक्त शोषत नाही व पिकावरही चढत नाही. यास्तव ठिपका दिसताच प्रथम तो कोणाचा आहे हे ठरविणे अगत्याचे आहे.

ओळख पटविण्याची रीत

यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत किंवा पांढऱ्या थाळीत थोडे पाणी घेऊन ते उन्हात धरावे व साधे भिंग लावावे. नारू पसरविणारा सायक्लॉप्स पाण्यात झटके देत पुढे जातो. त्याच्या अंगाचा आकार लांबट थेंबासारखा असून शेपूट दुभंगलेले असते. मादीच्या दोन्ही बाजूंस अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. पाणपिसू टुणटुण उड्या मारल्याप्रमाणे वरखाली होते आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तिलाही तांबूस छटा येते. तळच्या गाळात वळवळणाऱ्या लांबट रक्तवर्णी अळ्या या न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या असतात. जलकोळी या सर्वांहून निराळा दिसतो. त्याचे शरीर गोल वा अंडाकृती असून डोके, छाती व पोट असे भाग वेगळे काढता येत नाहीत. तो आठही पाय भराभर चालवीत एकसारख्या गतीने जातो, उड्या मारीत नाही. श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो त्वचेतूनच घेतो.

पिकावरील लाल कोळी पाण्यात राहूच शकत नाही. ती पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी विणून रस शोषते आणि जोराच्या पावसाने धुऊन जाते. दोन्हींस कोळी म्हणत असले तरी एकीचे औषध दुसरीस लावण्याचे काहीच प्रयोजन नाही.

जाती कशा ठरविल्या जातात

एवढ्याशा जीवात किती प्रकार असणार, असे वाटणे साहजिक आहे. स्वीडनचे लिनियस यांनाही १७५८ साली एकच नाव पुरेसे वाटले होते. पुढे डेन्मार्कमधील म्यूलर यांनी आपल्या देशातील तळी व दलदली शोधून १७८१ मध्ये जलकोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, तेव्हा या प्राण्यांच्या विविधतेची प्रथम कल्पना आली. आज जगात ६,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्या ४०० हून अधिक प्रजातींत व पन्नासांहून अधिक कुलांत विभागल्या आहेत. भारतातील जलकोळ्यांवर स्वित्झर्लंडचे वॉल्टर यांचा लेख १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ साली अमेरिकेचे डेव्हिड कुक यांनी ‘भारतातील जलकोळी’ याच विषयास वाहिलेला चारशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९६९ मध्ये स्वीडनचे लुंडब्लाड यांनी हँबुर्गच्या भारत मोहिमेत गोळा झालेल्या नमुन्यांचे वर्णन केले. चारशे पृष्ठे भरावीत इतके वैविध्य आपल्या ओढ्यानाल्यांत आहे, याची गावात कोणाला कल्पना असेल?

वर्गीकरण करणारा शास्त्रज्ञ रंगावर विसंबत नाही, कारण मद्यार्कात ठेवताच रंग उडून जातो. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरील कठीण ढालींची संख्या व मांडणी पाहतो, तोंडाजवळील पाच पेऱ्यांच्या स्पर्शिकेचा आकार मोजतो, पायांच्या मुळाशी असणारे पट्ट कसे जुळले आहेत ते पाहतो आणि जननछिद्राभोवतालच्या बारीक बटणांसारख्या चकत्या मोजतो. लिम्नेसिया या प्रजातीत अशा चकत्यांच्या तीन जोड्या असतात, तर अरेन्युरसमध्ये त्या मोजता येऊ नयेत इतक्या दाट असतात. ही सर्व मापे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत दिली जातात. नर व मादी यांचे वर्णन वेगवेगळे करावे लागते, कारण अरेन्युरसच्या नरास मागे शेपटीसारखा भाग असतो व मादीस तो नसतो. केवळ माद्याच हाती लागल्या तर नाणावलेल्या तज्ज्ञासही जातीचे नाव खात्रीने सांगता येत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यास मात्र एवढ्या खोलात जावे लागत नाही. काही प्रजाती नुसत्या हालचालीवरूनही ओळखता येतात. ज्वारीच्या दाण्याएवढा मऊ तांबडा कोळी पोहताना मागची पायांची जोडी न हलविता नुसती ओढीत चालला असेल, तर तो एलाइस होय. तेवढाच मोठा, जवळजवळ चेंडूसारखा गोल आणि लांब टोकदार चोच असलेला तो हायड्राक्ना. अंग कवचासारखे टणक व रंग हिरवट, निळसर वा तांबडा असेल तर बहुधा अरेन्युरस. पसरट, पाठीवर ढाली असलेला व पोहता न येणारा कोळी वाहत्या पाण्यातील दगडांस घट्ट धरून बसलेला आढळला, तर तो टॉरेन्टिकोलाच्या गोतावळ्यातील समजावा.

दुसऱ्याच्या पंखांवरील प्रवास

पंख नसलेला, पाण्याबाहेर तग न धरणारा हा जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसा जातो, हा या विषयातील सर्वांत मनोवेधक प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात सापडते. पाणवनस्पतींवर किंवा दगडांवर घातलेल्या अंड्यातून जे पिल्लू निघते, त्यास सहाच पाय असतात. ते पाण्यातील एखाद्या किड्याचा शोध घेते. अरेन्युरसचे पिल्लू टाचणीच्या वा चतुराच्या पाण्यातील पिलावर चढते, पण लगेच रस शोषीत नाही. तो किडा पाण्याबाहेर येऊन कात टाकू लागला की चपळाईने नव्या अंगावर सरकते आणि तेथे तोंड रुतवून बसते. भातखाचराच्या बांधावर टाचणी धरून पाहिल्यास तिच्या छातीखाली अथवा पोटाखाली मोहरीहून बारीक तांबडे मणी चिकटलेले कित्येकदा दिसतात, ते हेच. टाचणी अंडी घालण्यासाठी पाण्यावर परतली की पिल्ले तिला सोडून पाण्यात उतरतात. तेथे एकदा स्वस्थ पडून राहिल्यावर ती आठ पायांची होतात, काही काळ शिकार करतात, पुन्हा स्वस्थ पडतात व मग पूर्ण वाढलेला कोळी बाहेर येतो.

हायड्राक्नाची पिल्ले पाणविंचू, मोठा पाणढेकूण व पाणभुंगेरे यांच्या अंगावर वाढतात व लाल पिशव्यांसारखी फुगतात. लोक त्यांस त्या किड्याची अंडी समजतात. हा समज चुकीचा आहे. पाणढेकणाच्या एका प्रकारात नराच्या पाठीवर खरोखरच अंडी चिकटविलेली असतात, परंतु ती फिकट असून पाठीवर ओळीने दाट बसविलेली असतात. कोळ्याच्या पिशव्या तांबड्या असून पाय, पोट वा पंखांच्या बुडाशी विखुरलेल्या असतात.

काही जातींची पिल्ले डासांवरही बसतात. अशी पुष्कळ पिल्ले चिकटली तर मादी डासाचे आयुष्य व तिची अंडी दोन्ही घटतात. शिवाय वाढलेले जलकोळी डासांची अंडी व कोवळ्या अळ्या खातात. एवढ्यावरून जलकोळी सोडून हिवताप हटविता येईल असे मात्र कोणी समजू नये. ते काम गप्पी मासे आणि डबकी बुजविणे यांनीच होते. समाधानाची गोष्ट एवढीच की मासे व जलकोळी एकत्र नांदू शकतात. तांबडा कोळी बेचव लागत असल्याने बहुतेक मासे तो तोंडात घेऊन थुंकून टाकतात.

जिल्ह्यातील पाणी व त्यातील रहिवासी

सुमारे १७,००० चौरस किलोमीटर विस्ताराचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्या एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. पश्चिमेस घाटघर, रतनवाडी या भागात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील तालुक्यांस पाचसहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. जलकोळ्यांची वसती या भेदानुसार पालटते.

रतनगड व हरिश्चंद्रगडाच्या कुशीत प्रवरा व मुळा यांचे जे आरंभीचे ओढे आहेत, त्यांत शोध घ्यावयाचा तो दगडाखाली व गोट्यांच्या फटींत. टॉरेन्टिकोला, अट्रॅक्टायडिस यांसारख्या प्रजाती अशाच खळाळत्या, थंड व स्वच्छ पाण्याच्या असतात. त्यांना पोहता येत नाही. नख्यांनी खडीस धरून त्या राहतात आणि खडीच्या आत, पात्राखाली हातभर खोलवरही आढळतात. त्यांची पिल्ले ज्या चिलटांवर बसतात ती फार दूर उडत नाहीत. त्यामुळे एका ओढ्यातून त्या नाहीशा झाल्यास परत येण्यास दीर्घ काळ लागतो. पात्रातील वाळू व खडी उपसून नेली, किंवा गाळाने फटी बुजल्या, की त्यांचे घरच मोडते. मळीचे वा गटाराचे पाणी नदीत शिरल्यावर जे प्राणी लवकर दिसेनासे होतात, त्यांत यांची गणना होते.

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयापासून नाथसागराच्या शेवगाव-नेवाशाकडील फुगवट्यापर्यंतच्या संथ पाण्यात शोध घ्यावयाचा तो काठावरील शेवाळात व पाणवनस्पतींत. लिम्नेसिया, न्यूमानिया, एलाइस, अरेन्युरस ही संथ पाण्याची मंडळी होत. गोदावरी व प्रवरेच्या गाळवट तळाशी जे मोठे शिंपले मिळतात, तसल्या शिंपल्यांच्या कल्ल्यांत युनिओनिकोला ही प्रजाती राहते. शिंपला हलकेच उघडल्यास आतील मऊ पडद्यावर तिचे कोळी फिरताना दिसतात. या शिंपल्यांची पिल्ले वाढीसाठी माशांच्या अंगास चिकटतात, म्हणजे मासा गेला की शिंपला जातो व त्यामागून कोळीही.

नव्या शेततळ्याचे उदाहरण यादृष्टीने पाहण्याजोगे आहे. मातीचे तळे भरले की पाणढेकूण, पाणभुंगेरे व टाचण्या उडत येतात आणि त्यांच्याबरोबर संथ पाण्याचे कोळीही येतात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात वनस्पती व गाळ नसल्याने ते फारसे टिकत नाहीत. बांधीव विहिरीत ते दिसले तर पाण्यास ऊन, शेवाळ व किडे मिळत आहेत एवढाच त्याचा अर्थ. अशा विहिरीचे पाणी पिण्यास योग्य की अयोग्य, हे कोळ्यांवरून ठरत नाही. रोगजंतूंसाठी टी.सी.एल. पावडर नेहमीच्या प्रमाणात टाकावयाची ती टाकलीच पाहिजे, आणि पाणी दुहेरी कापडातून गाळावयाचे ते गाळलेच पाहिजे. गाळताना कोळी व सायक्लॉप्स दोन्ही कापडावर राहतात.

ज्या कार्यकर्त्यास आपल्या गावच्या पाण्यातील नमुने जमवावयाचे असतील, त्याने जुन्या मलमलीची पिशवी तारेच्या कड्यास शिवून घ्यावी व ती वनस्पतींतून फिरवावी. ओढ्यात पिशवी प्रवाहाच्या खालच्या अंगास धरून वरचे दगड हाताने चोळावेत. थाळीत उतरलेले कोळी औषधाच्या ड्रॉपरने उचलावेत. त्यांचा जिवंतपणीचा रंग व चालण्याची तऱ्हा तत्काळ लिहून ठेवावी. जाती ओळखण्यासाठी ग्लिसरीन, पाणी व ॲसेटिक आम्ल यांचे मिश्रण उत्तम ठरते. नुसत्या मद्यार्कात कोळी ताठ व ठिसूळ होऊन त्याचे भाग सुटे करता येत नाहीत. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुणे येथील केंद्र यांच्याकडे आधी विचारणा करून मगच नमुने पाठवावेत. बाटलीत घालावयाच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, पाण्याचा प्रकार व तारीख ही शिसपेन्सिलीने लिहावी. शाईचा मजकूर बाटलीतील द्रवात विरघळतो, आणि कोठला हे न कळणारा नमुना शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडत नाही.