फावल्या वेळातील प्रोग्रॅमिंग : विषय घरातच सापडतो

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. त्यामुळे या नगरीतील अनेक घरांचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळ्यांवर चालते आणि फावला वेळ कधी दुपारी, तर कधी भल्या सकाळी मिळतो. अशा वेळी संगणकाचे प्रोग्रॅमिंग हा उत्तम छंद ठरू शकतो. मात्र पुस्तकातील धडे संपले की प्रश्न पडतो, ‘आता लिहावे काय?’ पुष्कळ जण एकदम मोठा खेळ रचावयास घेतात आणि तो अर्ध्यावर सोडतात.

विषय निवडण्याची सोपी कसोटी अशी : ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःला हवे आहे आणि जे हाताने पडताळता येते, तोच प्रश्न घ्यावा.

पहिले उदाहरण पाळीचेच. दिवाळीला कोणती पाळी येईल, हे अनेक घरांत कॅलेंडरवर बोटे ठेवून मोजले जाते. समजा, पाळ्यांचे चक्र २१ दिवसांनी पुन्हा सुरू होते. चक्राच्या पहिल्या दिवसापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मोजून २१ ने भागावे. उरलेली बाकी त्या दिवसाचे चक्रातील स्थान सांगते. एवढाच प्रोग्रॅम, पण तो वर्षभर उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण कर्जाच्या हप्त्याचे. एक लाख रुपये, द.सा.द.शे. ९ व्याज, मुदत १२ महिने. व्याज ९,००० रुपये होईल असे सहज वाटते. प्रोग्रॅमने महिनावार तक्ता मांडला, की समान मासिक हप्ता सुमारे ८,७४५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४,९४२ रुपये दिसते. मुद्दल दरमहा घटत असल्याने पहिल्या महिन्याचे ७५० रुपये व्याज शेवटच्या महिन्यात सुमारे ६५ रुपयांवर येते. असा तक्ता स्वतः मांडणारा ग्राहक कर्ज घेताना योग्य प्रश्न विचारतो. अशा सरावात खाते क्रमांक, पासवर्ड वा पिन मात्र कधीही लिहू नये. काल्पनिक रकमा पुरेशा असतात.

तिसरे उदाहरण निव्वळ आनंदाचे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. भिलाईचे १९५९ हे वर्षच घेतले, तर ९९५१ – १५९९ = ८३५२ आणि ८५३२ – २३५८ = ६१७४. परंतु १११२ घेताच २१११ – १११२ = ९९९ येते. येथे ०९९९ असे न धरणारा प्रोग्रॅम शून्यावर जाऊन थांबतो. ही चूक शोधण्यातच खरी गंमत आहे.

यासाठी पायथॉन ही संगणकभाषा विनामूल्य उपलब्ध आहे. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनीही डिसेंबर १९८९ च्या सुटीत विरंगुळा म्हणूनच तिची सुरुवात केली होती.

एकच आकडेमोड कागदावर दुसऱ्यांदा करावी लागली, की ती वहीत टिपून ठेवावी. पुढचा विषय तेथेच असतो. तो एका बैठकीत पुरा होईल एवढाच घ्यावा आणि उत्तराचा ताळा हाताने जमल्याशिवाय वही मिटू नये.