नेमणूकपत्रातील तीस हजार

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक लिपिक गेल्या महिन्यात मुलाचे नेमणूकपत्र घेऊन माझ्याकडे आले. मुलाने ‘फिजिशियन असिस्टंट’ची पदवी घेतली असून एका खाजगी रुग्णालयाने त्याला वार्षिक ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३० हजार रुपये देऊ केले होते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ९ हजारांचा. “उरलेल्या एकवीस हजारांत त्याचे शहरात भागेल ना, सर?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा हा व्यवसाय अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात उदयास आला. आपल्याकडे त्याचे शिक्षण १९९२ मध्ये मद्रासला सुरू झाले. त्याला सर्वमान्य अशी वेतनश्रेणी अद्याप नाही. त्यामुळे पत्रातील प्रत्येक आकडा उमेदवारानेच पारखून घ्यावयास हवा.

लिपिकमहाशय तो आकडा आपल्या पगारपत्रकाच्या सवयीने वाचत होते. वस्तुतः तो पगाराचा आकडा नव्हताच. मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा होता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. मूळ वेतन १५ हजार. मालकाची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी १,८००, उपदानाची तरतूद ७२१, विम्याचा हप्ता ४७९ आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारा प्रोत्साहन भत्ता ३ हजार. हे ६ हजार वगळता उरले २४ हजार. त्यातून मुलाची स्वतःची वर्गणी १,८०० व व्यवसाय कर २०० गेल्यावर हाती येणार २२ हजार. हप्ता भरून शिल्लक तेरा हजार!

निधीची रक्कम बुडत नाही, ती बचतच होय. परंतु तिच्यातून खोलीचे भाडे देता येत नाही. उपदानाचे तसे नाही. कायम नोकराने पाच वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली, तर ते सामान्यतः मिळत नाही. मुदतबंद नेमणुकीस मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाची सेवा पुरेशी आहे. तेव्हा नेमणूक कोणत्या स्वरूपाची, या प्रश्नालाही पैशाची किंमत आहे.

वेळेचा हिशेब तर पत्रात नव्हताच. महिन्याला २६ दिवस आठ तास काम केल्यास २२ हजारांचे तासाला सुमारे १०६ रुपये पडतात. पाळी बारा तासांची असेल, तर तेच ७१ रुपयांच्या आत येतात. शिवाय दोन वर्षांचा करार होता, आणि तो मोडल्यास एक लाखाची भरपाई. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशी रक्कम ही कमाल मर्यादा असते, आपोआप वसूल होणारा दंड नव्हे. हे किती तरुणांना ठाऊक असते?

श्रम ही साठवून ठेवता न येणारी वस्तू आहे, असे आम्ही वर्गात शिकवितो. आजचा दिवस बेकारीत गेला, तर तो उद्या विकता येत नाही. म्हणूनच गरजू उमेदवार प्रश्न न विचारता सही करतो.

या मुलाने प्रश्न विचारले, तेही लेखी. रुग्णालयाने पगार वाढविला नाही; मात्र पाळीचे तास व प्रोत्साहन भत्त्याच्या अटी लिहून दिल्या. त्या पाहून त्याने नोकरी स्वीकारली आणि बँकेकडून कर्जाची मुदत वाढवून घेतली. हप्ता ६ हजारांवर आला. नोकरी तीच राहिली. पण पहिल्याच महिन्यात वडिलांपुढे हात पसरण्याची वेळ टळली. सहीपूर्वीच्या एका संध्याकाळच्या हिशेबाचे हे मोल काही थोडे नव्हे.